ग्लेन्को गावी बारा महिने: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याला, लॉख लेव्हनच्या काठावर (लॉख म्हणजे तळं किंवा समुद्राचा आत शिरलेला फाटा), ग्लेन्को नावाचं लहानसं गाव आहे. पाठीशी डोंगर, समोर खारं पाणी आणि शेजारून वाहणारी को नदी. ब्रिटनमध्ये राहणारी मराठी मंडळी आणि इथे मुलांकडे येणारे आई-वडील या गावाबद्दल दरवर्षी साधारण हेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवतो. माझं मत आधीच सांगतो: ग्लेन्को गाडीच्या काचेतून बघून पुढे निघून जाणं म्हणजे हातात आलेलं सोडून देणं. महिना कोणताही चालेल, पण तीन रात्री राहा आणि कोणत्या दिवशी काय करायचं ते हवेवर सोडा.

नकाशावर दोन लॉख लेव्हन दिसतात. आपलं कोणतं?

पश्चिमेकडचं. दुसरं लॉख लेव्हन पूर्वेला किनरॉसजवळ आहे. ते गोड्या पाण्याचं असून त्यातल्या बेटावरच्या किल्ल्यात मेरी राणीला १५६७-६८ मध्ये कैदेत ठेवलं होतं. तेही बघण्यासारखं आहे, पण तिथून ग्लेन्को बरंच लांब पडतं. खोली ठरवताना गावाचं नाव ग्लेन्को, बॅलाहुलिश किंवा किनलॉखलेव्हन आहे ना, एवढं तपासा. आपलं लॉख लेव्हन म्हणजे समुद्राचा आत शिरलेला चौदा किलोमीटर लांबीचा चिंचोळा फाटा. बॅलाहुलिशच्या पुलाखालून ते लॉख लिनीला मिळतं आणि त्यात रोज भरती-ओहोटी होते.

एडिनबराहून एका दिवसात होईल का?

होतं, आणि बरेच जण तसंच करतात. लॉख नेसला जाणाऱ्या पर्यटक बस ‘थ्री सिस्टर्स’ या डोंगराच्या तीन सोंडांसमोर थोडा वेळ थांबतात, सगळे उतरून फोटो काढतात आणि पुन्हा बसतात. त्या दिवशी ढग खाली आलेले असतील तर तीन बहिणींपैकी एकही दिसत नाही. एडिनबराहून एका बाजूचा प्रवासच तीन तासांचा. सहा तास रस्त्यावर घालवायचे आणि पायाला माती लागू द्यायची नाही, हा हिशोब मला कधी पटला नाही. दोन रात्री ही किमान मर्यादा. तीन असतील तर एक दिवस पावसात गेला तरी रुखरुख लागत नाही.

गाडी नसेल तर कसं जायचं?

ग्लासगोच्या ब्युकॅनन बस स्थानकातून फोर्ट विल्यम आणि स्कायकडे जाणाऱ्या सिटीलिंकच्या बस ग्लेन्कोला थांबतात. साधारण पावणेतीन तास लागतात. तिकीट आधी काढून ठेवा, उन्हाळ्यात जागा भरतात. शक्य झालं तर जाताना डाव्या बाजूची खिडकी धरा: लॉख लोमंड उजवीकडे राहतं हे खरं, पण पुढे रॅनख मूरची ओसाड पठारी दलदल ओलांडल्यावर एटिव्ह खोऱ्याच्या तोंडाशी उभा असलेला ब्वाखिल एटिव्ह मोरचा त्रिकोणी कडा डावीकडे येतो. त्या दर्शनासाठी लोमंडवर पाणी सोडायला हरकत नाही.

रेल्वे ग्लेन्कोत येत नाही. वेस्ट हायलँड मार्गावरचं फोर्ट विल्यम हे सोयीचं स्थानक आहे. लंडनच्या यूस्टनहून कॅलिडोनियन स्लीपर ही रात्रीची गाडी थेट तिथे पोचते. फोर्ट विल्यम ते ग्लेन्को अंतर पंचवीस-सव्वीस किलोमीटर, आणि त्या मार्गावर स्थानिक बस आहे. ती रविवारी आणि हिवाळ्यात कमी असते, तेव्हा परतीची वेळ आधी बघून ठेवा. गाडीशिवाय गावात राहिलात तरी दोन दिवस मजेत जातात, कारण तळं, जंगल, किनारा आणि पॅप नावाचा डोंगर हे सगळं पायी अंतरावर आहे.

भारतीय परवान्यावर गाडी चालवता येते का?

येते. भारतातून भेटीला आलेल्यांना वैध भारतीय परवान्यावर बारा महिन्यांपर्यंत चालवता येते. गाडी डावीकडूनच चालते, त्यामुळे ती सवय मोडावी लागत नाही. भाड्याने देणाऱ्या कंपन्या वयाच्या आणि परवाना किती जुना आहे याच्या अटी घालतात, त्या वाचून घ्या.

दोन गोष्टी मात्र नव्या वाटतील. ग्लेन एटिव्ह म्हणजे एटिव्ह खोऱ्यासारख्या आतल्या रस्त्यांवर एकच गाडी मावते, आणि ठरावीक अंतरावर बाजूला थांबण्याच्या जागा केलेल्या असतात. त्या समोरून येणाऱ्याला वाट देण्यासाठी आहेत, तसंच मागच्याला पुढे जाऊ देण्यासाठीही. तिथे गाडी लावून फिरायला जाणं हा गावकऱ्यांचा सगळ्यात मोठा वैताग आहे. दुसरं म्हणजे स्कॉटलंडमध्ये दारू पिऊन गाडी चालवण्याची मर्यादा २०१४ पासून इंग्लंडपेक्षा कडक आहे. गाडी चालवायची असेल त्या दिवशी अजिबात घेऊ नका. मुलं बारा वर्षांखालची आणि १३५ सेंटिमीटरपेक्षा बुटकी असतील तर त्यांच्यासाठी योग्य आसन कायद्याने लागतं.

सगळ्यात चांगला महिना कोणता?

मे. तुलनेने कोरडी हवा, रात्री साडेनऊपर्यंत उजेड, शिखरांच्या घळींमध्ये उरलेला बर्फ, ओढ्याकाठी कोवळी हिरवाई, आणि चिलटं अजून जागी झालेली नसतात. आपल्याकडच्या सुट्टीशीही तो जुळतो. पण ‘वर्षभर कधीही’ असं म्हणतो तेव्हा ते मनापासून म्हणतो, कारण प्रत्येक ऋतूत इथे करायचं काम वेगळं असतं.

जून ते ऑगस्ट उजेड संपत नाही. जूनच्या शेवटी साडेसतरा तासांहून जास्त लांब दिवस असतो, रात्री अकरालाही आभाळ पुरतं काळं होत नाही. पाण्यावर उतरायला आणि लांब चालींना हा काळ. गर्दी आणि चिलटंही याच काळातली. तापमान पंधरा-अठरा अंश, क्वचित त्याहून वर. मुंबईहून येणारे जुलैत स्वेटर आणत नाहीत आणि पहिल्या संध्याकाळी फोर्ट विल्यमला खरेदीला धावतात.

सप्टेंबर-ऑक्टोबरबद्दल मला जरा जास्तच प्रेम आहे. भूर्ज आणि लार्च पिवळे पडतात, डोंगरावरचं गवत आणि नेचे तांबूस होतात, आणि सप्टेंबरच्या शेवटापासून तांबड्या हरणांचा माजाचा काळ सुरू होतो. नर रात्री खोऱ्यात डुरकतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो आवाज हरणाचा आहे हे खरं वाटत नाही. या दिवसांत आसपासच्या खासगी जमिनींवर शिकारही चालते, तेव्हा वाटेच्या तोंडाशी लावलेल्या सूचना वाचाव्यात. नॅशनल ट्रस्ट या जतन करणाऱ्या संस्थेच्या ग्लेन्कोतल्या जमिनीवर मात्र त्या कारणाने वाट अडवली जात नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी दिवस आखूड. डिसेंबरच्या शेवटी सूर्य सकाळी नऊच्या सुमारास उगवतो आणि पावणेचारच्या आत मावळतो. सात तासांपेक्षाही कमी उजेड, आणि खोऱ्यात काही घरांवर ऊन पडतच नाही. पण याच दिवसांत शिखरं पांढरी होतात, रस्ते रिकामे असतात आणि खोल्या स्वस्त मिळतात. गाव समुद्रसपाटीला असल्याने गावात कडाक्याची थंडी क्वचितच पडते. वर हजार मीटरवर काय असेल याचा अंदाज गावातून बांधू नये, एवढंच.

मार्च-एप्रिल हा डोंगरावर हिवाळा आणि खाली वसंत असा काळ. ईस्टरच्या सुट्टीत मात्र गर्दी होते.

चिलटांबद्दल इतकं का बोलतात?

कारण ती खरोखर सहल मोडतात. मिज म्हणतात त्यांना. डासापेक्षा कितीतरी लहान, पण हजारोंच्या थव्याने येतात आणि केसांत, कानांत, डोळ्यांत शिरतात. मेच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत त्यांचा हंगाम. वारा पडला, आभाळ भरून आलं, पहाट किंवा संध्याकाळ असली की समजा आलीच. थोडा वारा सुटला की त्यांना उडता येत नाही, कडक उन्हातही दडून बसतात. म्हणून उन्हाळ्यात तंबू लावायचा तर ओढ्याकाठच्या सुंदर, निवांत, आडोशाच्या जागेऐवजी वाऱ्यावरची उघडी जागा निवडा. डोक्यावरून घ्यायची जाळी दुकानात मिळते. दिसायला कशीही असली तरी घ्या. डासांसारखा आजार ती पसरवत नाहीत, फक्त खाज आणि जीव नकोसा होणं.

गोचिडींचं तसं नाही. नेचे आणि उंच गवतातून चाललात की त्या चिकटतात आणि लाइम नावाचा आजार देऊ शकतात. संध्याकाळी खोलीवर आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कमरेला, मुलांच्या केसांच्या कडेला नीट बघा. चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा, चिरडू नका. पुढच्या काही आठवड्यांत वर्तुळासारखा लाल चट्टा पसरताना दिसला किंवा ताप आला तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचं आवर्जून सांगा. भारतात परतल्यावर हे झालं तर सांगणं जास्तच महत्त्वाचं, कारण तिथे हा आजार सहसा कोणाच्या डोक्यात येत नाही.

सह्याद्रीत भरपूर ट्रेक केलेत. इथले डोंगर सोपे जातील ना?

पाय तयार असतील, डोकं नव्याने तयार करावं लागेल. उंचीचे आकडे फसवतात. कळसूबाई १,६४६ मीटर, आणि ग्लेन्कोतलं सर्वांत उंच बिडीन नाम बीअन फक्त १,१५० मीटर. पण इथे चढ जवळजवळ समुद्रसपाटीपासून सुरू होतो, आणि ५६ अंशांहून उत्तरेला हजार मीटरवरचं हवामान आपल्या कोणत्याही किल्ल्यावर भेटत नाही.

आपण पावसात भिजायला घराबाहेर पडणारी माणसं. जुलैत राजमाचीला चिंब होऊन चालण्यात आनंद असतो, कारण तो पाऊस उबदार असतो. इथला पाऊस जूनमध्येही वर पाच-सहा अंशांचा असू शकतो आणि सोबत वारा असतो. अंगावरचं सुती कापड भिजलं की ते अंगातली ऊब ओढत राहतं. आधी हात बधिर होतात, मग बोलणं अडखळतं, मग माणूस चुकीचे निर्णय घेऊ लागतो. डोंगरावरचे कित्येक अपघात असेच सुरू होतात. त्यामुळे जीन्स आणि सुती टी-शर्ट गावातच ठेवा. आत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा पातळ थर, वर फ्लीस, सगळ्यात वर पाणी न शिरणारं जॅकेट आणि तशीच पँट. टोपी आणि हातमोजे बाराही महिने पिशवीत. पावसाची चांगली पँट हा इथला सगळ्यात वसूल होणारा खर्च. छत्री आणू नका, पहिल्याच झोतात उलटी होते.

दुसरा फरक वाटांचा. दगडावर रंगवलेले बाण नाहीत, वाटेत लिंबू-सरबत विकणाऱ्या मावशी नाहीत, वर मंदिर किंवा गुहा नाही. ढगात वाट हरवली तर नकाशा आणि होकायंत्रच कामाला येतं. ही गोष्ट योगायोगाने घडलेली नाही. १९३५ आणि १९३७ मध्ये ही जमीन नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडकडे आली, आणि त्यासाठी पैसा उभा करण्यात स्कॉटिश माउंटेनियरिंग क्लबचे पर्सी उन्ना पुढे होते. डोंगर मूळच्या रानटी अवस्थेत राहावेत, चढणं सोपं करून देऊ नये आणि चालणाऱ्याला कोणी अडवू नये, अशी त्यांची भूमिका होती. आज पार्किंगचे पैसे पडतात, पण डोंगराला तिकीट नाही आणि वरपर्यंत पायऱ्याही नाहीत. आपल्याकडच्या कितीतरी गडांवर रेलिंग, काँक्रीट आणि रोपवेच्या चर्चा चालू असताना ही भूमिका मला फार मोलाची वाटते.

ओळखीची वाटेल अशी गोष्टही आहे. हे डोंगरही ज्वालामुखीतून आलेले. दख्खनचा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, ग्लेन्कोचा ज्वालामुखी त्याहून कितीतरी जुना, सुमारे बेचाळीस कोटी वर्षांपूर्वीचा. खालचा शिलारस बाहेर पडला आणि वरचा कातळ गोलाकार भेगांवरून आत खचला. १९०९ मध्ये भूवैज्ञानिकांनी या खचण्याचं वर्णन ग्लेन्कोवरून केलं आणि तेव्हापासून ही जागा भूशास्त्राच्या अभ्यासात प्रसिद्ध आहे. पुढे हिमनद्यांनी खोरं कोरून काढलं. त्यामुळे कडे काळे, घसारा भरपूर आणि दगड ओला झाला की निसरडा. घसाऱ्यावर पाय टाकायची सवय असलेल्या आपल्या ट्रेकरला इथे खरोखर फायदा होतो.

कोणती चाल कोणाला जमेल?

सगळ्यात आधी ग्लेन्को लोखन. गावाच्या मागेच, पायी गाठता येतं. लॉर्ड स्ट्रॅथकोना कॅनडात पैसा आणि नाव कमावून आले, त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथे तळं करवून भोवती उत्तर अमेरिकेतली झाडं लावली. पत्नी इझाबेला यांना कॅनडाची ओढ लागायची, तिकडच्यासारखं काही डोळ्यांसमोर असावं म्हणून, असं सांगतात. तळ्याभोवतीची वाट सपाट आहे. आजी-आजोबा, बाबागाडी, पावसाळी दुपार, सगळ्यांना चालते. वारा नसेल तेव्हा पॅपचं पूर्ण प्रतिबिंब पाण्यात पडतं.

मधली पातळी म्हणजे हरवलेलं खोरं, इथल्या जुन्या गेलिक भाषेत कोरी गाल. थ्री सिस्टर्सच्या पार्किंगपासून खाली नदीवरच्या पुलापर्यंत उतरायचं आणि मग दोन सोंडांमधल्या घळीतून वर चढायचं. जाऊन-येऊन चारेक किलोमीटर, पण दोन-तीन तास धरा. दोन-चार ठिकाणी हात टेकवावे लागतात, मोठाल्या शिळांमधून वाट काढावी लागते. आणि अचानक समोर सपाट, खडीने भरलेलं मैदान उघडतं, जे रस्त्यावरून कुणाला दिसतच नाही. खोऱ्यातल्या मॅकडोनल्ड कुळातली मंडळी गुरं, त्यात पळवून आणलेलीही, इथे लपवत असत. बरेच लोक रस्त्यावरूनच परत जातात, त्यामुळे वर पोचल्यावर किती शांत असतं ते बघा. ओढा फुगलेला असेल त्या दिवशी जाऊ नका.

दिवसभराची चाल हवी तर पॅप ऑफ ग्लेन्को, ७४२ मीटर. गावातूनच निघता येतं, चार-पाच तास. मधला भाग चिखलाचा, शेवटचा दगडांतून चढायचा. वरून पूर्ण लॉख लेव्हन पायाशी दिसतं. दुसरी सुंदर चाल डेव्हिल्स स्टेअरकेसवरून किनलॉखलेव्हनला उतरते. वेस्ट हायलँड वे या १५४ किलोमीटरच्या पदयात्रेतला हा सर्वांत उंच टप्पा, सुमारे ५५० मीटर. नाव भीतीदायक, वाट रुंद आणि नागमोडी.

ओनाख ईगाखची धार मात्र पाहुण्यांसाठी नाही. ब्रिटनच्या मुख्य भूमीवरची ही सर्वांत अरुंद धार मानतात. एकदा चढलं की मधून उतरायला सुरक्षित वाट नाही. कड्यांवर चढण्याचा अनुभव नसेल तर वाटाड्या घेऊनच.

आई-बाबा सत्तरीच्या पुढचे आहेत. त्यांना न्यावं का?

जरूर न्या. तळ्याची फेरी झाली, ट्रस्टचं माहिती केंद्र झालं, की त्यांना गाडीतून लॉख लेव्हनची पूर्ण प्रदक्षिणा घालवा. १९७५ मध्ये बॅलाहुलिशचा पूल झाला, त्याआधी लोक एकतर फेरीबोटीची वाट बघत किंवा हाच वळसा घालत. आता तो रस्ता बहुतेक रिकामा असतो. टोकाला किनलॉखलेव्हन: १९०९ पासून २००० पर्यंत इथे अ‍ॅल्युमिनियमचा कारखाना होता, त्याच्यासाठी डोंगरात धरण बांधून वीज केली, आणि गावातल्या घराघरांत इतकी लवकर वीज आली की ‘इलेक्ट्रिक व्हिलेज’ असं नाव पडलं. धरण बांधणाऱ्या मजुरांचं लहानसं दफनस्थान आजही वर माळरानावर आहे.

ग्लेन्को माउंटन रिसॉर्टची खुर्ची-लिफ्ट बर्फ नसतानाही चालते, पण खुर्ची उघडी असते. वाऱ्याच्या दिवशी वयस्कर माणसांना चढवू नका.

पाण्यावर काय करता येईल?

कयाक, कनू, उभं राहून वल्हवायची फळी. वल्ही भाड्याने देणारे आणि शिकवणारे लोक लॉखच्या काठी आहेत. पहिल्यांदा उतरणाऱ्याने त्यांच्यासोबतच उतरावं, कारण भरती-ओहोटीचं पाणी पुलाखालच्या अरुंद भागातून जोरात खेचतं, आणि डोंगरावरून उतरणारा वारा पाच मिनिटांत लाटा उठवतो. पोहता येत असलं तरी लाइफ जॅकेट हवंच. ऑगस्टमध्येही पाणी तेरा-चौदा अंशांच्या आसपास असतं. अशा पाण्यात अचानक पडलं की पहिल्या मिनिटाला श्वास आवरत नाही. तेव्हा धडपड न करता पाठीवर तरंगत श्वास ताळ्यावर येऊ द्यायचा, हे मुलांना आधी शिकवा.

शांत सकाळी सील डोकं वर काढून बघत राहतात, नशीब असेल तर पाणमांजरही दिसतं. त्यांच्या जवळ जाऊ नका. गावासमोरच आयलन मुंडे नावाचं बेट आहे. मॅकडोनल्ड, स्टुअर्ट आणि कॅमेरन या तिन्ही कुळांनी पिढ्यानपिढ्या आपली माणसं तिथे पुरली. कुळांमध्ये भांडणं असायची, पण बेट सगळ्यांचं होतं. कयाकने बेटाभोवती फिरता येतं. उतरलात तर थडग्यांवर बसून डबा खाऊ नका.

बर्फ कधी बघायला मिळेल? स्की शिकता येईल का?

हंगाम साधारण डिसेंबर ते एप्रिल, पण खात्री देणं शक्य नाही. स्कॉटलंडचा बर्फ एका रात्रीत येतो आणि दोन दिवसांत वाहूनही जातो. फेब्रुवारी-मार्च त्यातल्या त्यात भरवशाचे. गावापासून गाडीने वीसेक मिनिटांवर मेल अ व्हुरी या डोंगरावर ग्लेन्को माउंटन रिसॉर्ट आहे. १९५६ मध्ये इथे स्की करणाऱ्यांना उतारावर वर ओढून नेणारा दोर बसला आणि स्कॉटलंडमधल्या व्यावसायिक स्कीची सुरुवात याच डोंगरावर झाली. साहित्य भाड्याने मिळतं, प्रशिक्षक असतात, नवशिक्यांसाठी पठारावर सौम्य उतार आहेत. जाण्याच्या दिवशी सकाळी त्यांचा बर्फाचा अहवाल वाचून मगच निघा.

स्की सोडून हिवाळ्यात डोंगरावर चालायचं असेल तर एक-दोन दिवसांचा अभ्यासवर्ग करा: क्रॅम्पॉन म्हणजे बुटाखाली बांधायचे लोखंडी दात घालून पाऊल टाकणं, घसरल्यावर आइस अ‍ॅक्स या बर्फाच्या कुदळीने स्वतःला थांबवणं, उतारावरचा बर्फ ओळखणं. हिवाळ्यासाठीची पात्रता असलेलाच प्रशिक्षक घ्या. हिवाळ्यात स्कॉटिश अ‍ॅव्हलांश इन्फर्मेशन सर्व्हिस ग्लेन्कोसाठी हिमप्रपाताचा अंदाज रोज देते. जानेवारी २०१३ मध्ये बिडीन नाम बीअनवर हिमप्रपातात चार जणांचा जीव गेला. हा डोंगर पार्किंगमधून इतका जवळ दिसतो की धोका जाणवत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

सायकल?

कॅलिडोनिया वे हा ७८ क्रमांकाचा सायकलमार्ग बॅलाहुलिशवरून जातो. ओबानकडच्या बाजूला त्याचा काही भाग १९६६ मध्ये बंद झालेल्या रेल्वेच्या जुन्या वाटेवर आहे, त्यामुळे चढ सौम्य आणि लॉख शेजारी. कुटुंबासाठी हाच निवडा. खोऱ्यातून जाणाऱ्या ए-८२ या मुख्य रस्त्यावर मुलांना सायकलवर नेऊ नका, तिथे ट्रक आणि बस वेगात असतात.

तंबू कुठेही लावता येतो का?

स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने जमिनीवर जबाबदारीने फिरण्याचा आणि हलका तंबू लावण्याचा हक्क सर्वांना आहे, पाहुण्यांनाही. अटी साध्या: मोजकी माणसं, रस्त्यापासून आणि घरांपासून दूर, दोन-तीन रात्रींच्या वर एका जागी नाही, मागे काहीही ठेवायचं नाही. गाडीशेजारी तंबू ठोकणं या हक्कात बसत नाही. शेकोटी टाळा. इथली जमीन पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांची असते आणि ती आतल्या आत धुमसत राहते. ग्लेन एटिव्ह गेली काही वर्षं कचऱ्याने आणि जळक्या खुणांनी फार सोसतंय, त्याऐवजी ग्लेन्को गावाजवळच्या अधिकृत कॅम्पसाइटवर राहणंच योग्य.

शाकाहारी जेवणाचं काय?

उपाशी राहणार नाही, पण पर्याय मर्यादित. पबमध्ये सूप-ब्रेड, भाजलेला बटाटा, शाकाहारी हॅगिस (मूळच्या मांसाच्या स्कॉटिश पदार्थाचा शाकाहारी प्रकार) आणि एखादी करी बहुधा असते. सूपचा रस्सा कशाचा आहे हे विचारा. स्वयंपाकघर असलेली कॉटेज घेतलीत तर सगळाच प्रश्न सुटतो. डाळ, तांदूळ, पोहे, मसाले ग्लासगोतल्या पोलोकशील्ड्स भागातून भरून घ्या. दूध-भाजीसाठी बॅलाहुलिशला कोऑप हे किराणा दुकान आहे, मोठी दुकानं फोर्ट विल्यमला. पबमधलं स्वयंपाकघर रात्री लवकर बंद होतं. उन्हाळ्यातल्या उजेडात वेळेचं भान सुटतं, साडेआठपर्यंत जेवायला बसा.

गावात स्मारक कशाचं आहे?

१३ फेब्रुवारी १६९२ च्या हत्याकांडाचं. राजा विल्यमशी निष्ठेची शपथ घ्यायला १ जानेवारी १६९२ ही शेवटची मुदत होती. ग्लेन्कोच्या मॅकडोनल्डांचा प्रमुख मॅकीअन आधी फोर्ट विल्यमला गेला, तिथून त्याला दूरच्या इनव्हरारीला पाठवलं, आणि शपथ झाली ती ६ जानेवारीला. एडिनबरात ती ग्राह्य धरली नाही. महिन्याच्या अखेरीस कॅप्टन रॉबर्ट कॅम्पबेलच्या हाताखालचे सुमारे १२० सैनिक खोऱ्यात आले आणि मॅकडोनल्डांच्याच घरांत पाहुणे म्हणून राहिले. जवळजवळ दोन आठवडे त्यांनी त्यांच्या चुलीवरचं अन्न खाल्लं, रात्री पत्ते खेळले. मग सत्तर वर्षांखालच्या सर्वांना ठार मारण्याचा हुकूम आला. पहाटे पाचला सुरुवात झाली. अडतीस जण मारले गेले. जे बर्फातून डोंगरात पळाले त्यांच्यातलेही बरेच थंडीने गेले, त्यात बायका-मुलं होती.

यजमानाच्या घरात राहून केलेली हत्या हा इथल्या कायद्यातही वेगळा, जास्त गंभीर गुन्हा मानला जात होता. तरी शिक्षा कोणालाच झाली नाही. गावात दरवर्षी १३ फेब्रुवारीला स्मारकाशी लोक जमतात, पुष्पचक्र वाहतात. त्या दिवशी तिथे असाल तर बाजूला उभं राहून सहभागी व्हायला हरकत नाही. आणि एकदा फेब्रुवारीत खोऱ्यात उभं राहिलं की त्या रात्री अंगावरच्या कपड्यांनिशी पळणं म्हणजे काय होतं हे कळतं. म्हणून हिवाळ्यात येणाऱ्याला मी ही गोष्ट आधी वाचून यायला सांगतो.

डोंगरावर अडचण आली तर?

९९९ ला फोन करून आधी पोलीस मागा, मग माउंटन रेस्क्यू. नेटवर्क खोऱ्यात तुटक आहे. आवाजाचा फोन लागला नाही तर संदेश जाऊ शकतो, पण त्यासाठी ‘रजिस्टर’ हा शब्द इंग्रजीत टाइप करून ९९९ ला आधीच पाठवून नोंदणी करावी लागते. ब्रिटनचं सिम घेतल्या घेतल्या ते करून टाका. शिट्टी असेल तर मिनिटात सहा वेळा वाजवायची, एक मिनिट थांबून पुन्हा.

येणारे लोक स्वयंसेवक असतात आणि पैसे घेत नाहीत. ग्लेन्कोचं बचाव पथक हेमिश मॅकइनेस यांनी उभं केलं. २०२० मध्ये वयाच्या नव्वदीत ते गेले. त्यांनी बनवलेलं घडीचं स्ट्रेचर जगभरच्या पथकांनी वापरलं. फिरून सुखरूप आलात आणि देणगीची पेटी दिसली तर काहीतरी टाका. जवळचं रुग्णालय फोर्ट विल्यमचं बेलफर्ड.

व्हिसा आणि विमा?

भारतीय पासपोर्टवर स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा लागतो, त्यावर एका वेळी सहा महिन्यांपर्यंत राहता येतं. विमा घेताना डोंगरावर चालणं, कयाक आणि स्की त्यात धरलेलं आहे का ते कलमात वाचा. साध्या पॉलिसीत स्की बहुधा नसतं.

खोली किती आधी ठरवावी आणि नकाशा कोणता घ्यावा?

जुलै-ऑगस्ट आणि ईस्टरसाठी पाच-सहा महिने आधी. मे आणि सप्टेंबरलाही आता शेवटच्या क्षणी मिळत नाही. कमी खर्चात हवं असेल तर हॉस्टेलिंग स्कॉटलंडचं ग्लेन्को वसतिगृह क्लाखेग इन या जुन्या सराईकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी काही हॉटेलं आणि उपाहारगृहं बंद असतात, म्हणून खोलीसोबत जेवणाचीही चौकशी करा. नकाशा ऑर्डनन्स सर्व्हेचा, एक्सप्लोरर मालिकेतला ३८४ क्रमांकाचा. कागदीच घ्या, आणि आदल्या रात्री माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिसचा पश्चिम हायलँडचा अंदाज वाचताना तो समोर पसरून ठेवा. त्या अंदाजात शिखरावरचा वारा आणि ढगांची उंची वेगळी दिलेली असते, आणि उद्या पॅप की तळ्याची फेरी हे त्यावरूनच ठरतं.